चमच्यांचा मोर

"अगं, मोर आहे तो, एसी नाही!" ड्रिल धरून स्टुलावर चढलेला नवरा वैतागला.

"असू दे. लोखंडी पट्टीच लाव, आणि अजून दोन स्क्रू मार."

प्लास्टिकच्या चमच्यांचा तो मोर सासूबाईंनी स्वतः केला होता आणि नातवाच्या पाळण्यावरच्या भिंतीवरच लावायचा त्यांचा हट्ट होता. नको म्हणायची ऋजुताची छाती होईना, आणि तो बाळाच्या डोक्यावर पडेल या धास्तीने तिला घास गिळवेना.

पट्टी बसल्यावर ती स्वतःच दोन्ही हातांनी पट्टीला लोंबकळली. पट्टी तसूभरही हलली नाही. ऋजुताचा जीव भांड्यात पडला.

दारातून बघणाऱ्या सासूबाईंचा चेहरा खुलला.

"एवढी मजबूत? मग मोर कशाला गं? माझा तो बादल्यांचा हत्तीच लावू की!"