उतरलेला सूर

"पुन्हा. पहिल्यापासून."

व्हायोलिनच्या बाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली. समोरच्या नर्सने गज उचलला. रुग्णालयातली ड्यूटी संपवून ती तशीच शिकवणीला आली होती. व्हायोलिनची परीक्षा तोंडावर होती आणि गज तारेवरून घसरत होता. तिसरा सूर उतरला.

"उतरला! कानात बोळे घालून बसलाय का?"

नर्सचे डोळे भरले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून युकुलेलेचा खळखळाट झाला, मध्येच अडखळला, आणि पाठोपाठ बाईंचे वडील खो-खो हसले. नर्सलाही हसू फुटलं. बाईंचं डोकंच फिरलं. त्या तरातरा आत गेल्या.

वडील ओट्याशी स्टुलावर बसले होते. ते गिटारसारखं छोटं वाद्य त्यांनी पोटाशी असं धरलं होतं, जणू कुणाचं तान्हं पोर सांभाळायला घेतलंय.

"बाबा, बाहेर शिकवणी चाललीय माझी! आणि ती खालची तार उतरलीय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतं की. दमली असेल बिचारी."

"आणा इकडे." बाईंनी वाद्य हिसकावून घेतलं, खुंट्या पिळून चारही तारा चोख लावल्या आणि परत दिलं. "हं, आता वाजवा."

वडिलांनी वाजवलं. दुसऱ्याच कॉर्डला बोट पट्टीवरच्या भलत्याच घरात पडलं. ते पुन्हा खदखदून हसले.

"अहो, हसताय काय? रोज तिथेच चुकता! जरा घोटून घेतलंत तर चांगलं वाजेल."

"मला कुठे चांगलं वाजवायचंय? मला वाजवायचंय." जन्मभर दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारा तो माणूस शांतपणे म्हणाला, "एवढे काटे मध्यावर आणले. आता एक गोष्ट तरी होऊ दे की इकडेतिकडे."

"तुमच्यापुढे डोकं फोडून घ्यायचं बाकी आहे! उठा. दाखवते कसं ते."

वडील निमूटपणे उठले. बाई स्टुलावर बसल्या. भिंतीवर चिकटवलेला, बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारा कॉर्डचा तक्ता त्यांनी एकदा पाहिला, बोटं टेकवली, तारा छेडल्या. भलतंच काहीतरी वाजलं. व्हायोलिनवर जिथे सगळ्यात जाड तार, तिथे इथे बारीक. बोटं सवयीने नको तिथे धावत होती. पुन्हा छेडल्या. पुन्हा तेच.

"छे! काय डबडं आहे!" म्हणाल्या, पण हातातून सोडेनात.

वडील बाहेरच्या खोलीत गेले. त्यांचा आवाज बाईंना स्वच्छ ऐकू आला.

"बाईंना आज वेळ लागेल. तोवर तुम्ही वाजवा, मी ऐकतो. आणि चुका बिनधास्त, मला त्यातलं काही कळत नाही."

मग व्हायोलिन सुरू झालं. गज घसरत नव्हता. पण तिसरा सूर जरासा उतरलाच.

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी त्यांचं हट्टी बोट जागेवर बसलं, आणि चारही तारा एकदम खळखळून वाजल्या.

तोंड उघडंच राहिलं. बाईंनी पुन्हा तारा छेडल्या.