शांततेचे पैसे

अठरा हजार.

"पुन्हा लावा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

अभिनवने पुन्हा लावलं. बुधवार पेठेतल्या त्याच्या दुकानाचा माळा. खाली गालिचा, दोन खुर्च्या, समोर दोन स्पीकर. पेन ड्राइव्हमध्ये एकच गाणं. कोजागरीला कोथरूडच्या गच्चीवर बाईंनी गायलेला केदार. तेव्हा त्या तिशीत होत्या. पुढे शाळेची नोकरी, संसार, घसा. गाणं सुटलं. एक कॅसेट तेवढी उरली, ती सुनेने पेन ड्राइव्हवर उतरवून दिली.

घरचा जुना अँप्लिफायर परवा कायमचा गेला, म्हणून नवा बघायला आले होते. तसाही तो गाण्यापेक्षा स्वतःच जास्त घरघरायचा.

"चांगला आहे की हा," शेजारच्या खुर्चीतून बाईंचे यजमान शरच्चंद्र म्हणाले. "बांधा."

"अहो, थांबा जरा."

बाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपण खरंच बरं गायचो का? ज्याने सांगावं असं वाटायचं तो माणूस एकच, आणि तो त्या रात्री म्हणाला होता, "मसाला दूध गार होतंय." नंतर कधी विचारलं, तर म्हणे, "कॅसेट आहे ना? ऐक."

बेचाळीस हजार.

स्पीकर तेच. गाणं तेच. तानपुऱ्याला मात्र ऐसपैस जागा मिळाली. आणि एक तान निसटलेली बाईंना लख्ख ऐकू आली. कपाळाला आठी पडली.

"बघ. जास्त पैसे मोजून स्वतःच्याच चुका ऐकायच्या."

"तुम्ही गप्प बसा हो."

एक लाख दहा हजार.

"घेणार नाहीये," बाईंनी आधीच सांगून टाकलं.

"ऐका तर काकू, ऐकायला पैसे पडत नाहीत." अभिनव हसला. "आणि खरं सांगू? हे वरचे पैसे आवाजाचे नाहीतच. शांततेचे आहेत. दोन सुरांच्या मध्ये काहीही वाजत नाही, त्याचे."

"म्हणजे काहीही न वाजण्याचे अडुसष्ट हजार जादा," शरच्चंद्र म्हणाले. "पुण्यातच खपायचं हे."

केदार सुरू झाला. तान निसटली, तीही पुढे गेली. शेवटचा षड्ज लागला, लांबला, विरला. घरी या जागी नुसती घरघर असायची. इथे काहीच नव्हतं. टाळ्या अजून सुरू व्हायच्या होत्या.

त्या मोकळ्या जागेत कुणीतरी श्वास सोडला. मग अगदी माइकपाशी, ओठांतल्या ओठांत:

"वा, सरू. वा."

टाळ्या.

त्या रात्री टेपरेकॉर्डर एकाच माणसाच्या मांडीवर होता. बटणांना तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

शरच्चंद्रांनी चष्मा काढला. पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"हा नको," ते म्हणाले. "नको ते ऐकू येतं."

सरोजिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पदर सावरला आणि अभिनवकडे वळल्या.

"तो अठरावालाच बांधा," त्या म्हणाल्या. "एवढं एक वाक्य आता हे घरी तोंडाने म्हणतील."