चिठ्ठीतला ‘परवा’

या मायबाप, जरा जवळ सरका. एका चिठ्ठीची गोष्ट सांगते.

दवाखान्यात हेडसिस्टरची जागा एक आणि यादीत नावं तीन. दुपारपाळीची सिस्टर सोमवारी सुट्टीवर होती, फोनही दुरुस्तीला दिलेला. म्हणून सकाळपाळीच्या सिस्टरने तिच्या कपाटावर चिठ्ठी चिकटवली : ‘मुलाखत परवा सकाळी दहाला.’ दुपारपाळीचीने ती मंगळवारी वाचली, बुधवारी तिची आठवड्याची सुट्टी होती, आणि गुरुवारी ती कडक इस्त्रीत हजर झाली. मुलाखती बुधवारीच आटोपल्या होत्या.

“अगं, मी सोमवारी लिहिलं, म्हणजे बुधवारच ना! तारीख टाकायचं सुचलंच नाही बघ,” सकाळपाळीची म्हणाली.

“दहा वर्षं पेशंटच्या कागदावर तारीख टाकतेस, नेमकी माझ्याच चिठ्ठीवर विसरलीस? यादीत तुझंही नाव होतं, बाई. मी काय दूधखुळी आहे?”

सकाळपाळीची सिस्टर मान खाली घालून उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! दुपारपाळीची तडक मेट्रनबाईंकडे गेली.

“मुद्दाम केलंय तिने. आता जागा तिलाच मिळाली असेल!”

“तिसरीला मिळाली,” मेट्रनबाई म्हणाल्या. “काल तुझं नाव पुकारलं, तेव्हा कुठे सकाळपाळीच्या सिस्टरला स्वतःची चूक उमगली. ‘माझ्यामुळे तिची संधी गेली, आता मी कोणत्या तोंडाने आत जाऊ?’ म्हणाली, आणि दारातूनच परत फिरली.”



मायबाप, उद्या कुणाचा संशय आला, तर बोट दाखवण्याआधी त्या सकाळपाळीच्या सिस्टरला एकदा आठवा.