भिंतीचे गाऱ्हाणे

जनसुनावणीच्या मंडपात अणुऊर्जा प्रकल्पाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सोमा घाडींच्या हाती नारळ दिला. "घाडीकाका, दुसऱ्या अणुभट्टीसाठी तुमच्या पद्धतीनं गाऱ्हाणं घाला. गाव 'व्हय महाराजा' म्हणालं, की संमतीची नोंद झालीच समजा."

ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान घाडींच्या घराण्याचा. त्यांच्या प्रत्येक मागणीला गाव डोळे मिटून होकार देई. आज त्यांचा मुलगा दिगंबर प्रकल्पाचा बिल्ला लावून मंचापाशी उभा होता. त्याची कंत्राटी नोकरी या गाऱ्हाण्यावर कायम होणार होती.

"बाबानू, माजी नोकरी इसरू नकात हां," तो पुटपुटला.

गेल्याच महिन्यात चक्रीवादळाने उसळलेला समुद्र प्रकल्पाची संरक्षक भिंत ओलांडून आत शिरला होता. तरीही तीच भिंत भक्कम असल्याचे अधिकारी सकाळपासून पटवत होते. त्यांची स्वतःची वसाहत मात्र डोंगरापलीकडे होती.

घाडींनी मुलाकडे एकवार पाहिले, नारळ कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! वादळात जी भिंत बुडली, ती भक्कम आसा असा ही सायब मंडळी सांगतत. तर तेंका बायकापोरांसकट त्याच भिंतीच्या कुशीक रवाक येवची बुद्धी दी रे महाराजा!"

 मंडपातून एकच गर्जना उठली, "व्हय महाराजा!"

अधिकाऱ्यांनी दिगंबरकडे रोखून पाहिले. गावासोबत 'व्हय महाराजा' म्हणत उघडलेले तोंड त्याने मिटले नाही.