चौथ्या कॉर्डनंतर

कपाटाच्या काचेवर तिने चादर टाकली. मग गादी ओढून खोलीच्या मध्यावर आणली आणि मुलाला तिच्यावर बसवलं, पाठ आपल्याकडे करून. त्याच्या पुढ्यात लाकडी ठोकळे ओतले. सावली पडू नये म्हणून पडदा सरकवला. एवढं झाल्यावर मागच्या खुर्चीत बसून तिने गिटार मांडीवर घेतली.

दाराशी बुटाच्या नाड्या बांधत बसलेला दीर हे सगळं बघत होता.

"मैफल आहे का वहिनी? आणि कपाटाला चादर कशाला?"

"त्याला काचेत दिसतं," ती म्हणाली.

गिटार दिराचीच. शिकवा म्हटल्यावर त्याला गंमत वाटली होती. त्याने चारच कॉर्ड दाखवल्या: जी, ई मायनर, सी, डी. निम्म्या जगाची गाणी या चौघींवर उभी आहेत, माणसं वरचे शब्द तेवढे बदलतात, असं तो म्हणाला होता. त्याच्या एका मित्राचं लग्न याच चार कॉर्डवर जमलं होतं आणि मोडल्यावरचं गाणंही त्याने याच चार कॉर्डवर केलं होतं. ई मायनरला दोन बोटं लागतात, ती तिला लगेच जमली. जी काही केल्या जमेना. एखादी तरी तार खरखरायचीच. बोटांची टोकं आधी दुखली, मग सोलली. आता त्यांना काही लागत नव्हतं.

पोर अजून आई म्हणत नाही आणि आईला सुचताहेत गाणी, असं सासूबाई एकदा भाजीला उद्देशून म्हणाल्या होत्या. तशी त्यांच्या मते काळजी करण्यासारखी गोष्टच नव्हती. त्यांचा धाकटाही तिसरं लागेपर्यंत तोंड उघडत नव्हता, आणि आता दुसऱ्याला बोलू देत नाही. कानाचं म्हणाल, तर त्यांनी मुलाच्या मागे उभं राहून ताटावर डाव वाजवून दाखवला होता आणि मूल वळलं होतं. वळण्याआधी त्याची नजर काचेकडे गेली होती, ते फक्त तिने पाहिलं. पातेलं खाली पडलं तेव्हाही ते वळलं. त्या वेळी त्याचा तळवा फरशीवर होता. हाकेला वळलं नाही की खेळात रमलंय, बापावर गेलंय, हे ठरलेलं. उद्याच्या कानाच्या तपासणीचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, नसतं काहीतरी चिकटवून आणाल पोराला. नवरा आईचं ऐकून घ्यायचा आणि नंतर हिचंही ऐकून घ्यायचा.

मध्येच एकदा वाजवताना मूल रडलं म्हणून ती ‘डी’वरच सोडून उठली होती. पलीकडच्या खोलीत दीर फोनवर बोलत होता. तिथूनच ओरडला, "‘जी’वर ये परत. असं सोडलंस तर भरल्या ताटावरून उठल्यासारखं वाटतं." तुमचं लक्ष होतं का, असं तिने नंतर विचारलं. लक्ष नव्हतं, तो म्हणाला. पण चार-सहा वेळा ऐकलं की कानाला सवय होते. लक्ष नसलं तरी कान वाट बघत असतो.

तेव्हापासून रोज मुलाला जवळ बसवून ती तेच वाजवत होती. ‘डी’वर एकदाही सोडलं नव्हतं.

तिने सुरुवात केली. जी, ई मायनर, सी, डी आणि परत जी. स्वयंपाकघरात सासूबाई गाजरं चिरत होत्या. मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होतं. तिने पुन्हा तेच वाजवलं, आणि पुन्हा. हात आपले आपण फिरायला लागले. सुरी कधी तालात आली, ते सासूबाईंनाही कळलं नसावं. दीर दुसऱ्या बुटाकडे वळला.

डी वाजली, आणि तिने हात उचलला.

आत सुरी थांबली. नाडीचा फास धरलेली दिराची बोटं तशीच राहिली.

मुलाने निळा ठोकळा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि लाल ठोकळ्यावर ठेवला. मग दुसरा घेतला.

"अगं, पुढचं वाजव ना," आतून सासूबाई म्हणाल्या.

ती हलली नाही. सासूबाई हातात सुरी घेऊनच दारात आल्या. "तार तुटली का?"

दीर मुलाच्या पाठीकडे बघत होता. सासूबाईंनी तिकडे पाहिलं. मग चादर टाकलेल्या कपाटाकडे, गादीकडे, पडद्याकडे. मूल तिसरा ठोकळा नीट बसतोय का बघत होतं.

"खेळात..." असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या आणि राहिल्या. सुरीला चिकटलेली गाजराची चकती त्यांनी बोटाने काढली आणि कुठे टाकावी ते न कळून हातातच धरली.

"उद्या किती वाजता निघायचंय?"

"नऊला."

"मी येते."

तिने मान डोलावली. दिराने नाडी ओढली, पण तो उठला नाही. तिने बोटं तारांवर ठेवली, न बघता, आणि जी वाजवली. पहिल्यांदाच एकही तार खरखरली नाही.