समुद्राकडे तोंड केलेल्या खुर्च्या

भिंतीवर प्रोजेक्टरचा समुद्र लाटा मारत होता आणि त्या समुद्रातून चहाचा ट्रे घेतलेल्या वेटरची सावली इकडून तिकडे गेली. पहिल्या रांगेत बसलेल्या मल्लम्मांना त्या साऱ्या देखाव्यात तेवढी सावलीच खरी वाटली.

लातुरातील औसा रोडवरच्या हॉटेलचे सभागृह रविवारच्या सकाळीच भरले होते. मोंढ्याच्या धान्यबाजारातले व्यापारी, एक-दोन डॉक्टर, क्लासेस मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले एक सर. सगळे खाऊनपिऊन तृप्त, आणि चेहऱ्याने उपाशी. परदेशातल्या कुठल्याशा बेटावर, बारमाही उन्हात, समुद्राला लागून निवृत्तांची वसाहत उभी राहत होती. तिथे कायमचे राहायला जाण्यासाठी ही मंडळी नटूनथटून आली होती. उन्हासाठी लातूरच्या माणसाने विमानात बसावे, याचे मल्लम्मांना हसू येत होते. पण त्या हसल्या नाहीत. शेजारी त्यांचे यजमान गुरुबसप्पा फुलाफुलांचा सदरा घालून बसले होते, आणि त्या सदऱ्याकडे पाहून हसणे त्यांनी घरीच उरकले होते.

माईक धरलेली कंपनीची पुनम मूळची औशाची. पुण्यात नोकरी लागल्यापासून तिची जीभही पुण्याची झाली होती.

"काका-काकू, तिथे तुम्हाला काहीही करायचं नाहीये. स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही, पाहुणे नाहीत. उठायचं आणि समुद्र बघायचा."

"आन् दुपारी?" मल्लम्मांनी बसल्या जागेवरून विचारले.

"दुपारीही समुद्रच, काकू."

"म्हंजी म्हशीवानी. पान्याकडं तोंड करून रवंथ करीत बसायचं."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. गुरुबसप्पांनी बायकोला कोपराने डिवचले. "गप की जरा. ऐकू तरी दे."

त्यांना तिला दुखवून चालणार नव्हते. वसाहतीत प्रवेश फक्त जोडप्यांना होता आणि होकार दोघांचाही, आजच, इथेच द्यायचा होता. एरवी दाल मिलचा कोणताही व्यवहार त्यांनी बायकोला विचारून केलेला नव्हता.

पुनमने पुढचे चित्र लावले. पांढरी इमारत, पांढऱ्या पलंगांची रांग. "दवाखाना आवारातच आहे. आणि समजा वेळ आलीच, तर शेवटचंही सगळं कंपनीच बघते. विद्युतदाहिनी आहे. अस्थी कुरिअरने घरपोच."

"सोय चांगली आहे," क्लासेसवाले सर म्हणाले.

मल्लम्मांनी डाळीतल्या खड्याकडे पाहावे तसे सरांकडे पाहिले आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"माय, आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत. खड्डा काढून माणूस बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ करून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठिवून. आमचे मामंजी शेतात बसलेत, शेजारी आत्याबाई बसल्यात. तुझ्या बेटावर आमाला बसायला जागा कुठं हाय, तेवढी दाव."

पुनमने घाईने चित्रे पुढे ढकलली, मागे आणली. पोहण्याचा तलाव आला, जेवणघर आले, मालिश करणारी बाई आली. जागा आली नाही.

"तिथं पुरता येत न्हाई वो, अव्वा," ती म्हणाली. पुणे गळून पडले होते. "जमीन कंपनीची हाय. आपल्याला नुस्तं ऱ्हायला देतात."

"मेल्यावर बसवा न्हाईतर जाळा!" गुरुबसप्पा दबक्या आवाजात उखडले. "मला कळनार हाय का तवा?"

हेच गुरुबसप्पा गेल्या श्रावणात वडिलांच्या समाधीशेजारची आपली जागा काठीने आखून आले होते आणि तिथे कोणी नांगर घालू नये म्हणून गड्याला बजावून आले होते.

"जित्यापनी तरी कुठं कळतंय?" मल्लम्मांनी आवाज दबका केला नाही. "वीरेशनं मोंढ्यातल्या गादीवरनं उठवलं. पोटच्या पोरानं. म्हनून समुद्रावर चाललात. तिथं कोन म्हननार हाय, या अप्पा, बसा?"

सभागृहातल्या ज्यांच्या ज्यांच्या घरी मुलगा गल्ल्यावर बसत होता, त्यांनी त्यांनी भिंतीकडे नजर लावली.

भिंतीवर शेवटचे चित्र होते. वाळूत, समुद्राकडे तोंड केलेल्या दोन लांब खुर्च्या. त्यांवर एक म्हातारे जोडपे पसरलेले. डोळ्यांवर काळे चष्मे, हात दोन्ही बाजूंना सैल पडलेले, पावले बाहेरच्या अंगाला कललेली.

"मग काकू," पुनमने चाचरत पुण्याची जीभ पुन्हा गोळा केली, "तुमचा होकार समजायचा का?"

मल्लम्मांनी ते चित्र नीट न्याहाळले. पदर डोक्यावर ओढून घेतला.

"आमच्यात मेलेल्या मानसालाबी बसवतात, माय," त्या म्हणाल्या. "हितं तर जित्यालाच आडवं पाडलंय."

त्या दाराकडे निघाल्या. मागून पावलांचा आवाज येईल असे त्यांना वाटले होते, आला नाही. दार ढकलता ढकलता त्यांनी वळून पाहिले.

सगळे अजून समुद्र पाहत होते. पहिल्या रांगेत गुरुबसप्पांनी चपला काढल्या होत्या आणि हॉटेलच्या त्या गुबगुबीत खुर्चीवर पाय वर घेऊन, मोंढ्यात बसत तशी मांडी घातली होती. पाठ ताठ झाली होती. डाव्या तळहातावर वसाहतीचे माहितीपत्रक होते.