उशिरा येणारा आवाज

ताई घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करत होती. पण तिचाच आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येत होता आणि त्यामुळे ती शब्दाशब्दाला अडखळत होती. "कॉम्प्युटरवरचा बफर कमी करून हा उशीर जातो का बघते. तू जरा माइकसमोर बोल," म्हणत तिने हेडफोन धाकट्या भावाच्या कानांवर चढवले.

भाऊ लहानपणापासून तोतरा. तो अडला, की घरातलं कुणीतरी मायेनं त्याचं वाक्य पुरं करून टाकायचं. शिक्षण संपल्यावर "बाबा, मला दुकानात बसायचं..." इथवर येऊन त्याची जीभ अडकली होती. तेव्हा बाबांनी "आहे ना? शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणत त्याची पाठ थोपटली होती. त्या दिवसापासून तो बाबांच्या चष्म्यांच्या दुकानात काउंटरमागे बसत होता.

"काय बोलू, ताई?" त्याने विचारलं आणि दोघंही चमकले. तो कुठेच अडखळला नव्हता. कानात मागाहून येणाऱ्या स्वतःच्याच आवाजानं त्याची जीभ मोकळी केली होती.

ताईचा हात माउसकडे गेला, तसा तो घाईघाईनं म्हणाला, "थांब, काही बदलू नकोस. आधी बाबांना बोलाव."

बाबा दारात आले.

"बाबा, मला दुकानात बसायचं नव्हतं."

बाबा आत आले. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.


"आणखी काय काय सांगायचं राहिलंय, बाळा?"